रेघेवरचा नि

काकांच्या घरात महत्त्वाच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ असायची. फ्रिजवर ‘कागदाचा कचरा बुधवारी’, त्यातल्या ‘बुधवारी’खाली रेघ. लाल डब्यावर ‘हे तिखट खरंच तिखट आहे’, त्यातल्या ‘खरंच’खाली रेघ. संडासाच्या दाराला आतून एकच शब्द चिकटवलेला, ‘खिडकी’, आणि त्याखाली दोन रेघा. काकांनी जन्मभर ड्राफ्ट्समनची नोकरी केली होती, पुलांचे आणि कालव्यांच्या दारांचे नकाशे काढले होते. नुसत्या हाताने रेघ मारणं त्यांना शर्टाची बटणं उघडी टाकून बाहेर पडण्यासारखं वाटे. छातीच्या खिशात स्टीलची छोटी पट्टी कायम असायची. वाणसामानाच्या यादीसाठीसुद्धा ती बाहेर निघायची, कागदावर टेकायची आणि पेन्सिल एकदाच सर्रकन फिरायची.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. का आवडणार नाही, ते पुढे येईलच.

मी त्यांच्याकडे हॉलंडमध्ये, हेगजवळच्या रायस्वाइकला, माळ्यावरच्या खोलीत दोन वर्षं राहिले. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आले होते आणि खोली शोधत होते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांची जाहिरात टाकली होती: ‘माळ्यावर खोली. मांसाहाराला हरकत नाही. गप्पांची अपेक्षा नाही.’ शेवटचं वाक्य वाचून मी लगेच संपर्क साधला. म्हणजे मेसेज केला. फोन मी शक्यतो करत नाही.

राहायला गेल्यावर कळलं की गप्पांची अपेक्षा नव्हती ती फक्त माझ्याकडून. ते स्वतः जिन्यातून, न्हाणीघरातून, बागेतून, भिंतीपलीकडून बोलत. मी ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यावर भागवत असे.

“तोंडात बर्फ धरलायस का गं?” ते विचारत. “वितळला की सांग.”

मला ते ‘कॉन्व्हेंट’ म्हणायचे. मी कुठल्याही कॉन्व्हेंटमध्ये गेले नव्हते. साधी इंग्रजी माध्यमाची शाळा, मागच्या बाजूला पाण्याची टाकी असलेली. पण काकांच्या लेखी मुलं दोनच प्रकारची होती, एकोणसाठ कळणारी आणि न कळणारी.

“एकोणसाठ म्हणजे किती?”

“फिफ्टी नाइन?”

“प्रश्नचिन्ह काढ.”

ते मूळचे मिरजेचे. तिथे लहानपणी व्हायोलिन शिकले होते, आपल्याकडे शिकतात तसं, जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवून. मग नोकरीसाठी इकडे आले आणि पेटी बरीच वर्षं कपाटावर राहिली, आत कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी. एका पावसाळी दुपारी ते हेगमधल्या एका पबमध्ये लघवीला म्हणून शिरले. आत पाचसहा जण गोल बसून काहीतरी वाजवत होते. काका बाहेर पडायचं विसरले.

“सहा मात्रा,” मला सांगताना त्यांनी टेबलावर बोटं आपटली. “धा धी ना, धा ती ना. म्हटलं, अरे, हा तर आपला दादरा! हे गोरे लोक कोट घालून दादरा वाजवतायत! त्यातल्या एकाला विचारलं, तो म्हणाला, ही जिग. म्हटलं, असेल तुमच्यात.”

पुढच्या आठवड्यात ते व्हायोलिन घेऊन गेले. पबच्या बाकावर बसले, उजवा बूट काढला, मांडी घातली, व्हायोलिन पावलावर टेकवलं. तिथल्या लोकांनी आधी त्यांच्या मोज्याकडे पाहिलं आणि मग व्हायोलिनकडे. तेव्हापासून तीस वर्षं ते आयरिश चाली वाजवत होते, एक बूट घालून आणि एक काढून.

त्यांच्याकडे कौतुकाच्या तीन पायऱ्या होत्या. ‘असू दे’ म्हणजे वाईट. ‘बरं’ म्हणजे वाईट नाही. आणि सगळ्यात वर ‘चालेल’. हा शब्द त्यांनी किती वेळा वापरलेला मी ऐकला, ते मोजता येईल: एकदा माझ्या आईने पाठवलेल्या मेतकुटाला, एकदा नव्या गुडघ्याच्या डॉक्टरला.

माझ्याकडेही व्हायोलिन होतं. शाळेत शिकले होते, कागदावरच्या पाच ओळींवरून, हनुवटीखाली धरून, चार परीक्षांपर्यंत. मग एका स्नेहसंमेलनात स्टेजवर उभी राहिले, व्हायोलिनचा गज उचलला आणि तो तसाच उचललेला राहिला. शेवटी बाईंनी मला खांद्याला धरून आत नेलं. त्यानंतर मी कुणासमोर वाजवलं नाही. इथे येताना आईने पेटी बॅगेबरोबर दिली आणि मी ती कॉटखाली सरकवली. सामान वर चढवताना काकांनी विचारलं होतं, “हे काय?”

“ऑफिसचं सामान,” मी म्हणाले.

त्यांनी पेटीच्या आकाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ऑफिसला कंबर आहे वाटतं,” म्हणाले आणि विषय सोडला.

मग करोना आला आणि सगळं बंद झालं. माझं ऑफिस माळ्यावर आलं, काकांचा पब बंद झाला. विमानतळाकडून येणारा आवाज थांबला तेव्हा तो इतके दिवस होता हे कळलं. घरी एका वेळी एकच पाहुणा, असा नियम होता. आमच्याकडे तोही येत नसे. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात माझ्या दाराखालून एक कागद आत आला. ‘ऑफिसचं सामान घेऊन सहाला खाली ये.’ ‘सहाला’खाली रेघ.

मी गेले. त्यांच्या घरात राहत होते आणि रेघ होती.

ते स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभे होते. “वाजव,” म्हणाले.

मी उभी राहिले. हात वर गेलाच नाही.

“मी ऐकत नाहीये,” ते वळून न बघता म्हणाले. “कांदा चिरतोय.”

आणि खरंच ते कांदा चिरत राहिले. एक, दोन, तीन कांदे. चौथ्याला मी एक स्वर वाजवला. त्यांनी पाचवा सोलायला घेतला. सहाव्याला मी शाळेतली एक धून अर्धी वाजवली. त्या आठवड्यात आम्ही रोज कांद्याचंच काहीतरी खाल्लं. मी त्यांच्या पाठीला वाजवून दाखवायला शिकले. दोन महिन्यांनी ते पाठीनेच म्हणाले, “बरं.”

पबमधल्या त्यांच्या मंडळींपैकी दोघेच उरले होते. एक हेंक, निवृत्त ट्रामचालक, बासरीवाला, अंगाने ट्रामएवढाच. दुसरी ब्रीद, आयर्लंडच्या क्लेअर भागातली, हेगच्या एका वृद्धाश्रमात नर्स. ती कॉन्सर्टिना वाजवायची, म्हणजे दोन हातांत मावणारी, उघडमिट करायची छोटी पेटी. स्वतःचं नाव ती ‘ब्रीज’च्या जवळपास कुठेतरी उच्चारायची. काका हट्टाने ‘ब्रीद’ म्हणत. “तिच्या नावाला मराठीत अर्थ आहे,” ते मला सांगत, “आणि ती त्याला जागते.”

तिघांनी लॅपटॉपवर भेटून एकत्र वाजवायचं ठरवलं. लॅपटॉप माझा होता, म्हणून मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसून असे. तो प्रकार अजून आठवला तरी हसू येतं. काकांनी सुरुवात केली की ती ब्रीदपर्यंत उशिरा पोचायची, ब्रीदचं वाजवणं आमच्याकडे आणखी उशिरा यायचं आणि हेंक या दोघांच्या मधे कुठेतरी डोळे मिटून आनंदात असायचा.

“हेंक!” काका ओरडले. “तू दोन मात्रा मागे आहेस!”

“पस्तीस वर्षं ट्राम चालवली,” हेंक म्हणाला. “एकदाही वेळेआधी सुटलो नाही.”

“हा दादरा नाही, ही वरात आहे,” काका मला मराठीत म्हणाले. “घोडा पुढे, बँड मागे आणि नवरा हरवलेला.”

ब्रीद गाडीत बसून बोलायची. ड्यूटी संपवून आलेली असायची, गालांवर मास्कचे वळ. एका भेटीत वाजवणं नेहमीसारखं फसल्यावर ती म्हणाली, “मी परत चाललेय. कायमची. उन्हाळा सुरू व्हायच्या आत.” आई म्हातारी झाली होती, आणि दुसऱ्यांच्या आयांची सेवा करून आता पुरे झालं होतं. हेंकने बासरी खाली ठेवली. काका कॉल संपल्यावर उगाच ओटा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. “आपण एक जिग करायची. नवी. चौघांनी मिळून. ती जायच्या आधी.”

“चौघं कोण?”

“आकडे मराठीत सांगितले की कळत नाहीत तुला. फोर.”

मग त्यांनी मला कारण सांगितलं. इतकी मोठी गोष्ट त्यांनी पाठ न फिरवता सांगितली, एवढ्यावरूनच ती मोठी आहे हे मला समजलं. लहानपणी मिरजेत त्यांच्या गल्लीत एक बोहारीण यायची. कपडे चाळताना ती काहीतरी गुणगुणायची. काकांना ती चाल फार आवडली, म्हणून त्यांनी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, “कुणाचं म्हणजे? आहे.”

“कुणाचं म्हणजे? आहे!” काका पुन्हा म्हणाले. “चालीचं याहून चांगलं काय व्हायचं? मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या. कुणी केल्या, कुणाला माहीत नाही. एक आपली असावी. कुठेतरी कुणीतरी वाजवावी आणि आपलं नावही त्याला माहीत नसावं.”

“पण मग ती आपली कशी?”

“हा कॉन्व्हेंटमधला प्रश्न झाला.”

त्यासाठी चाल इथून बाहेर पडायला हवी होती आणि बाहेर नेणारी एकच व्यक्ती होती. पण ब्रीदची एक सवय काकांना माहीत होती. ती काही लिहून घेत नसे, रेकॉर्ड करत नसे. चाल आवडली तर दुसऱ्या दिवशी ती तिच्या बोटांत असे. नाही आवडली तर शंभरदा ऐकवा, सकाळपर्यंत विसरलेली असे. ती मुद्दाम करायची नाही, तिचे कानच तसे होते. म्हणजे पुरी चाल चौघांनी वाजवल्यावर ती ब्रीदच्या डोक्यात एक रात्र टिकली तर जगली. नाहीतर रायस्वाइकलाच संपली.

जिगला दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. काकांनी वाटणी केली. प्रत्येक भागात आठ तुकडे, प्रत्येकाला दोन. आधी काका, मग हेंक, मग मी, शेवटी ब्रीद. एकाचं झालं की त्याच्या शेपटाला दुसऱ्याने जोडायचं. फोनवरच्या रेकॉर्डिंगला त्यांनी साफ नकार दिला. “ऐकलं की माणूस नक्कल करतो. वाचलं की विचार करतो.” म्हणून कागद, आणि कागद पोचवायला माझी सायकल.

पहिल्याच दिवशी मी हेंकचा कागद एकोणसाठ नंबरऐवजी एकोणसत्तरच्या पत्रपेटीत टाकला. तिथल्या आजींनी तो दुसऱ्या दिवशी हेंकला नेऊन दिला आणि वर विचारलं की ही औषधाची चिठ्ठी आहे का. काकांनी मला तासभर एकोणीस ते एकोणनव्वद म्हणायला लावलं.

खरी अडचण लिपीची होती. काका सारेगम देवनागरीत लिहीत, नकाशासारख्या चौकटी आखून. हेंकला फक्त इंग्रजी अक्षरांतले स्वर वाचता येत. ब्रीदला काहीच वाचता येत नसे, हेंक तिला फोनवर वाजवून दाखवायचा आणि तिचे तुकडे लिहून घ्यायचा. सगळ्यांच्या मधे मी होते. काकांचं मराठी वाचायचं, त्यांचा ‘सा’ कुठला ते त्यांनी एकदा दाखवलं होतं, त्यावरून हेंकसाठी अक्षरं लिहायची. इंग्रजी माध्यमाच्या मुलीला या घरात पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं होतं.

दुसऱ्या भागाचे काकांचे दोन तुकडे आले तेव्हा त्यात एक ‘नि’ होता आणि त्याखाली काकांनी पट्टीने रेघ मारली होती. ‘बुधवारी’खाली असते तशीच, सरळ, ठाम. मी समजले, हा महत्त्वाचा आहे. हेंकच्या कागदावर मी तो स्वर लिहिला आणि त्यावर जोर द्यायची खूण केली, आणि कडेला लिहिलं, ‘इथे मोठ्याने.’

त्याआधी पहिल्या भागातले माझे स्वतःचे दोन तुकडे करायला मला नऊ दिवस लागले होते. काय करायचं ते मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या खोलीत मी खूप काही करत होते. पण कागदावर उतरवलं की ते कुणीतरी वाचणार होतं. नवव्या दिवशी काकांनी जिन्यातून हाक मारली, “कॉन्व्हेंट, बारा मात्रा मागितल्यात, किडनी नाही!” मी लिहिलं आणि विचार करायच्या आत सायकलवर बसले.

शेवटी वाजवायचा दिवस ठरला. ब्रीदचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. कालव्याच्या कडेला हेंकचा भाजी लावायचा जमिनीचा तुकडा होता, तिथे भेटायचं ठरलं. उघड्यावर, दीड मीटर अंतर राखून. काका आदल्या दिवशीच जाऊन आले होते. फरसबीच्या वाफ्याशेजारी फरशांवर खडूने चार फुल्या होत्या. दीड मीटर त्यांनी त्या पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीने दहादा मोजून काढलं होतं, प्रत्येक दोन फुल्यांमध्ये. हेंक म्हणाला, “माझ्याकडे टेप आहे ना.” काका म्हणाले, “टेप लवते.”

ब्रीदने ती पट्टी हातात घेऊन बघितली. “याला तुमच्याकडे काय म्हणतात?”

“पट्टी. आणि गाणारा ज्या स्वरावरून गातो, त्यालाही पट्टीच म्हणतात.”

“म्हणजे मोजायचंही याने आणि गायचंही याने.”

“एकदम बरोबर,” काका म्हणाले आणि मला मराठीत, “बघ, हिला कळतं.”

काका चटईवर बसले, बूट काढला. मी माझ्या फुलीवर उभी राहिले. वारा होता, कोबीची पानं हलत होती, पलीकडच्या तुकड्यातले एक आजोबा पाण्याची झारी घेऊन थांबले होते. माझ्यासमोर पाठ नव्हती. तीन चेहरे होते आणि एक झारी. काकांनी मान हलवून मात्रा दिली. मी डोळे कोबीवर लावले आणि गज उचलला. या वेळी तो खाली आला.

पहिला भाग चांगला गेला. दुसऱ्यांदाही चांगला गेला. इतका, की मला माझ्या बोटांचं आश्चर्य वाटायला लागलं. मग दुसरा भाग सुरू झाला. आम्ही तिघांनी, मी, हेंक आणि ब्रीदने, त्या ‘नि’वर दणकून जोर दिला. काकांनी त्याच क्षणी भलताच स्वर लावला, आमच्याहून किंचित खालचा, हळुवार. दोन्ही एकमेकांवर आदळले. पलीकडच्या आजोबांची झारी डोलली. काका थांबले.

“कोण चुकलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

हेंकने कागद पुढे केला. “इथे लिहिलंय. मोठ्याने.”

ब्रीद म्हणाली, “मला हेंकने असंच शिकवलं.”

गप्प बसणं मला फार चांगलं येतं. त्या दिवशीही बसता आलं असतं. हेंकने बिचाऱ्याने स्वतःवर घेतलं असतं. मी म्हणाले, “मी. मी लिहिलं ते.”

काकांनी व्हायोलिन खाली ठेवलं. मग मराठीत सुरू झाले. “अगं, रेघ! खाली रेघ म्हणजे कोमल! उतरलेला नि! मिरजेत पहिलीतल्या पोराला विचार, तो सांगेल. स्वराखाली रेघ म्हणजे तो खाली उतरवायचा, हळुवार. आणि तू त्याच्या डोक्यावर ढोल बडवलास!”

“मला काय माहीत!” मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. “तुम्ही घरात सगळीकडे रेघा मारता! फ्रिजवर ‘बुधवारी’खाली रेघ आहे! तो बुधवार कोमल असतो का?”

कालव्यावरून एक बदक गेलं. काकांचं तोंड उघडं होतं. दोन वर्षांत मी त्यांच्याशी सलग इतकी वाक्यं बोलले नव्हते.

“काय म्हणाली? काय म्हणाली?” हेंक विचारत होता. मी सांगितलं नाही. काकांनीच त्याला भाषांतर करून सांगितलं, रेघेसकट, बुधवारसकट. हेंक इतका हसला की त्याला फुलीवरून हलावं लागलं. “दीड मीटर!” काका त्याच्यावर ओरडले, पण त्यांचेही खांदे हलत होते.

“वितळला एकदाचा बर्फ,” ते मला म्हणाले. “पण माझा नि बुडवून.”

पुढे आम्ही ती जिग आणखी तीनदा वाजवली. कधी सगळ्यांनी कोमल, कधी कुणी विसरून चढा. एकदाही नीट जमली नाही. कॉफी झाली, हेंकने ब्रीदला मुळ्याच्या दोन जुड्या दिल्या, तिने पेटी बंद केली, लांबूनच हात हलवला आणि सायकलवरून गेली.

घरी येताना काका सायकल हातात धरून चालत होते. “फाटली चाल,” म्हणाले. “दोन तोंडांची झाली. अशी कुणाच्या कानात बसत नाही. सकाळपर्यंत विसरेल ती.” मी माफी मागितली. “असू दे,” ते म्हणाले. या शब्दाचा त्यांच्या कोशातला अर्थ मला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. ब्रीदचा आवाजी मेसेज होता. मी कॅमेरा बंद केला, हेडफोन काढला आणि जिना उतरले. काका पोह्यांसाठी कांदा चिरत होते. मी फोन ओट्यावर ठेवला आणि मेसेज लावला.

कॉन्सर्टिनाचा आवाज. पहिला भाग, दोनदा. मग दुसरा. त्या जागी तिने ‘नि’ कोमल घेतला, काकांचा, हळुवार. काकांची सुरी थांबली. मग तोच भाग दुसऱ्यांदा आला आणि त्याच जागी तिने माझा ‘नि’ घेतला, चढा, जोर देऊन, जसं कुणी दार धाडकन उघडावं. पहिल्यांदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा उत्तर आलं.

वाजवणं संपल्यावर ब्रीद म्हणाली, “सकाळी उठले तर ही अशीच बोटांत होती. दोघंही बरोबर होतात, फक्त एकाच वेळी नाही. नाव द्यायचं नाही म्हणालास, ठीक आहे. पण मला मनात काहीतरी म्हणावं लागेल. मी ‘द रूलर’ म्हणणार आहे. तुझ्या त्या पट्टीवरून.”

काकांनी मेसेज पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. “दोन्ही नि,” ते स्वतःशीच म्हणाले. “खमाज! खमाजात दोन्ही निषाद लागतात. मिरजेच्या माणसाला हे क्लेअरच्या बाईने सांगायचं?” डोळे पुसले आणि सुरी माझ्यासमोर धरली. “कांदा,” म्हणाले.

कांदा होताच. मी वाद घातला नाही. वर माझी मीटिंग माझ्याशिवाय संपली होती.

सगळं पुन्हा उघडल्यानंतर मी नोकरी बदलून ब्रेडाला राहायला गेले. निघताना काकांनी माझी पेटी स्वतः खाली आणली. आत वेखंडाची पुरचुंडी ठेवली होती आणि एक चिठ्ठी: ‘ऑफिसचं सामान. रोज उघडणे.’ ‘रोज’खाली रेघ. तो कोमल नव्हता, हे मला कळलं.

ब्रेडात एका कॅफेत रविवारी दुपारी आयरिश वाजवणारे लोक जमतात. चार रविवार मी समोरच्या फुटपाथवरून पुढे गेले. पाचव्या रविवारी आत गेले आणि कोपऱ्यात, पेटी न उघडता बसले. सातआठ जण होते. माझ्या शेजारी एक डच बाई फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवत होती, चाळिशीची, कानात मोठ्या रिंगा. दोनतीन चाली झाल्या, मग तिनेच एक नवी सुरू केली, आणि पहिल्या दोन तुकड्यांतच मी कॉफीचा कप खाली ठेवला.

काका. मग हेंक. मग मी. मी नऊ दिवस माळ्यावर बसून केलेल्या बारा मात्रा, एका अनोळखी बाईच्या बोटांतून, ब्रेडात, सफरचंदाच्या केकच्या वासात. मग ब्रीद. दुसऱ्या भागात ‘नि’ आधी कोमल आला. दुसऱ्यांदा चढा आला, जोरात.

चाल संपल्यावर मी तिला विचारलं. मीच विचारलं, अनोळखी माणसाला. “ही कोणती?”

“‘द रूलर’. सुट्टीत आयर्लंडला गेले होते, तिथे एका म्हाताऱ्याकडून शिकले. कुठल्याशा राजावरची आहे. फार जुनी.”

“कुणी केली?”

तिने माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. “कुणी केली म्हणजे? आहेच ती.” मग माझी पेटी तिला दिसली. “वाजवतेस? काढ ना. सोपी आहे, मी दाखवते.”

मी पेटी उघडली. ती मला एकेक तुकडा शिकवत गेली आणि मी शिकत गेले. दुसऱ्या भागात तिने मला थांबवलं. “हां, इथे लक्ष दे. दुसऱ्या वेळी हा वरचा घ्यायचा, आणि मोठ्याने. नवीन लोक इथेच चुकतात.”

मी तो मोठ्याने घेतला. “छान!” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी सायकलच्या कुलुपाशी उभी राहून काकांना फोन केला. मेसेज नाही, फोन. सगळं सांगितलं: कानातल्या रिंगा, म्हातारा, राजा, ‘आहेच ती’. पलीकडे कांदा चिरल्याचा आवाज मधेच थांबला.

“काका?”

“राजावरची म्हणाली?”

“हो. फार जुनी, म्हणाली.”

“मग तू काय सांगितलंस तिला?”

“काही नाही.”

“माझं नाव? तुझं?”

“काहीच नाही. गप्प बसले.”

पलीकडून ओट्यावर सुरी ठेवल्याचा आवाज आला.

“चालेल,” काका म्हणाले.